परतलेल्या सैनिकाचे छप्पर : प्रस्तावना

हिंगोली शहरात पलटन, रिसाला, तोफखाना, सदर बाजार आणि पेन्शनपुरा ही नावे आजही रोजच्या बोलण्यात आहेत. निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली हैदराबाद कंटिंजंट नावाची जी फौज होती, तिची एक महत्त्वाची छावणी इथे होती. औरंगाबाद, जालना, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, एलिचपूर म्हणजे आजचे अचलपूर आणि सिकंदराबादजवळचे बोलारम ही तिची आणखी काही ठाणी. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा महसूल याच फौजेच्या खर्चासाठी इंग्रजांच्या हाती गेला. १९०३ मध्ये कंटिंजंट भारतीय सैन्यात विलीन झाली. तिच्या पायदळ पलटणींतून १९२२ मध्ये एकोणिसावी हैदराबाद रेजिमेंट उभी राहिली आणि १९४५ मध्ये तिचे नाव कुमाऊँ रेजिमेंट झाले. म्हणजे मराठवाड्याच्या माळावर कवायत केलेल्या फौजेचा वारसा आता उत्तराखंडात रानीखेतला नांदतो. हिंगोलीत मागे राहिल्या त्या वस्त्या, आणि त्यांतली एक पेन्शनरांची.

निवृत्त शिपायाने छावणीच्या कडेला घर करावे, हे त्या काळी अनेक ठिकाणी घडत होते. कोकणात दापोलीचा कॅम्प त्यासाठी प्रसिद्ध होता. अस्पृश्यतेविरुद्ध लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये सैन्यातून निवृत्त झाले आणि दापोलीलाच राहिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ यांनीही निवृत्तीनंतरची काही वर्षे कुटुंबासह तिथे काढली. स्वतःचे गाव असताना ही माणसे छावणीजवळ का राहिली असतील? पेन्शन हातात पडण्याची सोय, दवाखाना, ओळखीपाळखीची माणसे, मुलांचे शिक्षण ही कारणे उघड आहेत. पण अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतल्या सैनिकांना आणखी एक कारण होते. पलटणीत ज्याच्या शब्दाला मान होता, त्याला गावी पुन्हा गावकुसाबाहेरच राहावे लागणार होते. दापोलीतही त्यांच्या मुलांच्या शाळाप्रवेशासाठी झगडावे लागलेच. तरीही आपल्यासारख्यांचा शेजार होता, अर्ज लिहून देणारा कोणी होता आणि सरकारदरबारी एकत्र जाता येत होते. सैनिकाच्या घराचा विचार करताना या शेजाराचा विचार आधी करावा लागतो, असे माझे मत आहे आणि या पुस्तकाच्या मुळाशी तेच आहे.

बेघर म्हटले की रेल्वेच्या फलाटावर किंवा पुलाखाली झोपलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. २०११ च्या जनगणनेने देशात असे सुमारे १७.७ लाख लोक मोजले, त्यांतले दोन लाखांहून अधिक महाराष्ट्रात होते. त्यांतला कोण कधी काळी सैन्यात होता, हे त्या जनगणनेने विचारलेच नव्हते. पण हिंगोलीसारख्या जिल्ह्यात, जिथे दहांतली आठ-साडेआठ माणसे खेड्यात राहतात, तिथे सैनिकाचे बेघरपण फलाटावर शोधून सापडणार नाही. ते भावाच्या अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत असते. वडिलांच्या नावावरच्या घरात असते, ज्याच्या वाटणीचा निवाडा वर्षानुवर्षे लोंबकळत पडलेला असतो. पुण्या-मुंबईत सुरक्षारक्षकाची नोकरी करून भाड्याच्या खोलीत दिवस काढणाऱ्या माणसाकडे असते, आणि नवरा गेल्यावर सासरच्या घरात नकोशी झालेल्या विधवेकडे तर असतेच असते. यांतल्या कोणालाही शेजारी बेघर म्हणणार नाहीत. पण ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या, म्हणजे घरांच्या नोंदीच्या, उताऱ्यावर यांतल्या एकाचेही नाव नसते.

हे घडते कसे, ते नीट समजून घेतले पाहिजे. मुलगा अठरा-एकोणिसाव्या वर्षी भरती होतो. पंधरा-सतरा वर्षे तो घराबाहेर असतो आणि याच वर्षांत गावात सगळे महत्त्वाचे निर्णय होतात: जमिनीची वाटणी, विहिरीचा हिस्सा, घराचे बांधकाम. तो पैसे पाठवतो, त्या पैशांतून वडिलांच्या किंवा थोरल्या भावाच्या नावे घर उभे राहते. सैन्यात मिळालेले फॅमिली क्वार्टर निवृत्तीबरोबर सोडावे लागते. पस्तिशीच्या आसपास, मुले ऐन शाळेत असताना, तो गावी येतो तेव्हा त्याच्या पैशांच्या घरात त्याचा हिस्सा किती, हा प्रश्न कोणी काढायचा इथूनच अडचण सुरू होते. गावात सगळे त्याला मेजर म्हणतात, मग तो शिपाई म्हणून निवृत्त झालेला का असेना. त्या मानामुळेच त्याला आपली अडचण चारचौघांत सांगता येत नाही. सेवेत असताना त्याला थोडे कायद्याचे संरक्षण असते. १९२५ चा भारतीय सैनिक खटला कायदा विशिष्ट परिस्थितीत सेवेवर असलेल्या सैनिकाविरुद्ध त्याच्या गैरहजेरीत दिवाणी दावा पुढे रेटू देत नाही. वर्दी उतरली की तेही पाठबळ जाते आणि तहसीलच्या पायऱ्या इतरांसारख्याच चढाव्या लागतात.

त्यातही दोन वेगळ्या माणसांची गल्लत आपण नेहमी करतो. ज्याची पंधरा वर्षांची सेवा पूर्ण झाली त्याला निवृत्तिवेतन मिळते. २०१६ पासून किमान निवृत्तिवेतन नऊ हजार रुपये आहे, वर महागाईभत्ता, आणि २०१४ पासून लागू झालेल्या समान पद समान निवृत्तिवेतनाने त्यात भर पडली. ज्याची सेवा त्याआधीच संपली, तो आजारपणाने आलेला असो, घरच्या अडचणीने आलेला असो की जुन्या काळातला राखीव दलाचा असो, त्याच्या हाती बहुतेक वेळा काहीच नसते. पहिल्याकडे उत्पन्न आहे, पण घरकुलाच्या यादीत त्याला जागा नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात कुटुंबातला कोणी महिना दहा हजारांहून अधिक कमावत असेल तर ते कुटुंब अपात्र ठरत असे. आता ही मर्यादा पंधरा हजार झाली आहे, आणि पेन्शन उत्पन्नात धरली की शिपायाचे घरही बहुधा बाहेर पडते. दुसरा कागदोपत्री पात्र आहे, पण १ लाख २० हजारांचे अनुदान मिळवायला आधी स्वतःच्या नावाची जागा लागते. जागा खरेदीसाठी राज्याची पंडित दीनदयाळ उपाध्याय योजना आहे, तिची मर्यादा आता एक लाख रुपये आहे. ती त्याला कोणी सांगितलेली नसते.

सैनिकाला छप्पर द्यायचे कसे, यावर जगात तीन-चारशे वर्षे विचार झाला आहे आणि त्याचे काही ठळक प्रवाह दिसतात. सर्वांत जुना प्रवाह आश्रमाचा. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६७० मध्ये पॅरिसला अपंग सैनिकांसाठी अँव्हालिद उभारायला घेतले, इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने १६८२ मध्ये चेल्सीचे रुग्णालय स्थापन केले. आपल्याकडे या प्रवाहाची उत्तम उदाहरणे खडकीला आहेत. पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या हिंदी सैनिकांसाठी १९१७ मध्ये सुरू झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट, आणि पाठीच्या कण्याला इजा होऊन पायांची शक्ती गमावलेल्या जवानांसाठी १९७४ मध्ये सुरू झालेले पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर. खडकीच्या या केंद्रात चाकाच्या खुर्चीवरची माणसे काम करतात, खेळतात, संसार करतात. ज्यांना कायमची शुश्रूषा लागते त्यांच्यासाठी अशा संस्थेला पर्याय नाही. पण धडधाकट माणसाला संस्थेत ठेवणे म्हणजे त्याला गावापासून तोडणे.

दुसरा प्रवाह जमिनीचा. पंजाबच्या कालव्यांच्या वसाहतींत इंग्रजांनी माजी सैनिकांना शेते दिली आणि त्यावर भरतीचे अख्खे राजकारण उभे केले. महाराष्ट्रात शासकीय जमिनीच्या विल्हेवाटीच्या १९७१ च्या नियमांत सैनिक आणि माजी सैनिक यांना प्राधान्यक्रमात स्थान आहे, आणि २०१८ मध्ये शहिदांच्या कुटुंबांना दोन हेक्टरपर्यंत शेतजमीन देण्याचे धोरण राज्याने ठरवले. नियम चांगले आहेत, पण द्यायला जमीन उरली आहे कुठे, हा प्रश्न प्रत्येक तालुक्यात पडतो.

तिसरा प्रवाह पैशांचा: पेन्शन द्या, कर्ज स्वस्त करा, घर त्याचे तो बांधील. १९७८ मध्ये स्थापन झालेली आर्मी वेल्फेअर हाउसिंग ऑर्गनायझेशन मोठ्या शहरांत सदनिका बांधते. म्हाडाच्या सोडतीत माजी सैनिकांसाठी राखीव घरे असतात. २०२० पासून राज्यात माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा यांना एका घराच्या मालमत्ता करातून सूट आहे. हे सगळे ज्याच्याकडे आधीच काही आहे त्याला उपयोगी पडते. हिंगोलीच्या सेनगाव किंवा कळमनुरी तालुक्यातल्या निवृत्त नायकाला पुण्यातली सदनिका परवडत नाही आणि घरच नावावर नाही त्याला करमाफीचा उपयोग काय?

चौथा प्रवाह अलीकडचा आणि माझ्या मते सर्वांत शिकण्यासारखा आहे. अमेरिकेत व्हिएतनाम युद्धानंतर बेघर सैनिकांचा प्रश्न रस्त्यावर आला. त्याआधी १९३२ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांनी बोनस मागण्यासाठी वॉशिंग्टनला झोपड्या घातल्या होत्या आणि लष्कर पाठवून त्या उठवल्या गेल्या होत्या. पुढे १९९२ मध्ये तिथे गृहनिर्माण खाते आणि माजी सैनिक खाते यांनी मिळून एक योजना सुरू केली. भाड्याचा मोठा वाटा एका खात्याने उचलायचा आणि दुसऱ्याने त्या माणसामागे एक कार्यकर्ता द्यायचा. तो दवाखान्यात सोबत जातो, व्यसनाची किंवा मनाच्या आजाराची दखल घेतो, घरमालकाशी बोलतो. आधी सुधारणा, मग घर असा हिशेब न ठेवता आधी घर द्यायचे, हे न्यूयॉर्कला त्याच सुमारास पुढे आलेले तत्त्वही या कामात मिसळले. २०१० मध्ये तिथे एका रात्रीच्या मोजणीत सुमारे ७४ हजार बेघर माजी सैनिक आढळले होते; २०२४ मध्ये तो आकडा ३३ हजारांच्या आसपास आला. अमेरिकेचा पैसा आपल्याकडे नाही, प्रश्नाचे रूपही वेगळे आहे. पण घर आणि सोबत एकत्र द्यायची, एवढे तत्त्व हिंगोलीतही लागू पडते. सोबतीला पैसा फारसा लागत नाही.

आपल्याकडची यंत्रणा लहान नाही. १९१७ च्या भरती मंडळातून १९१९ मध्ये हिंदी सैनिक मंडळ झाले, त्याचेच १९७५ मध्ये केंद्रीय सैनिक बोर्ड झाले. १९४९ पासून दर ७ डिसेंबरला ध्वजदिन निधी गोळा होतो. शाळेत असताना छातीला ध्वज टाचून घेतला नाही असा मराठी माणूस विरळा. राज्याचा सैनिक कल्याण विभाग पुण्यात, आणि त्याचे जिल्ह्यातले हात म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये. २००३ पासून माजी सैनिकांसाठी आरोग्य योजना आहे, २००४ पासून केंद्रात स्वतंत्र माजी सैनिक कल्याण खाते आहे. निवृत्तिवेतन नसलेल्या, पासष्टी ओलांडलेल्या हवालदारापर्यंतच्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना केंद्रीय बोर्डाकडून मिळणारे दारिद्र्य अनुदान दरमहा चार हजारांवरून २०२५ च्या नोव्हेंबरपासून आठ हजार झाले. पूर्णतः अपंग माजी सैनिकाला घरदुरुस्तीसाठीही अनुदान आहे. २०२२ मध्ये राज्यात अमृत जवान सन्मान अभियान झाले, त्यात जमिनीची प्रकरणे, अतिक्रमणे, दाखले असे सैनिकांचे महसुली प्रश्न तालुक्यात सोडवायचे ठरले. सैनिकाचा खरा झगडा तहसीलशी असतो हे सरकारने त्यानिमित्ताने मान्य केले, याचे मला समाधान आहे.

तरीही मराठवाड्याची अडचण निराळी आहे. सातारा, कोल्हापूर, सांगली, अहिल्यानगर या जिल्ह्यांत पिढ्यान्‌पिढ्या भरती होत आली. तिथे गावागणिक माजी सैनिक संघटना आहेत, कोणता अर्ज कुठे द्यायचा हे सांगणारा सुभेदार शेजारीच असतो. निजामाच्या अमलाखालच्या मराठवाड्यात ती परंपरा रुजली नाही. इथला माजी सैनिक गावात बहुधा एकटा किंवा दुकटा. लष्करी रुग्णालय, मोठे कॅन्टीन, भरती कार्यालय छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत, म्हणजे हिंगोलीहून दोनशे किलोमीटरहून दूर. औंढ्याच्या डोंगरपट्ट्यातल्या साठीच्या माणसाने एका सहीसाठी तिकडे जायचे तर पहाटेची बस आणि रात्रीचा मुक्काम.

त्याच्या पिशवीत काय असते ते पाहिले की सगळा प्रश्न उलगडतो. वरच्या कोपऱ्यात शिवण उसवलेले डिस्चार्ज बुक, घड्यांवर फाटलेली पेन्शन ऑर्डर, बँकेचे पासबुक, आधार कार्ड, रेशन कार्ड, जुन्या सातबाराच्या झेरॉक्स. बुकात बायकोचे नाव माहेरचे, आधारवर सासरचे. बुकात गावाचे नाव इंग्रजीत एका तऱ्हेने, बँकेत दुसऱ्या तऱ्हेने. जिल्ह्याच्या रकान्यात परभणी, कारण हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी आणि हा माणूस भरती झाला त्याआधी. लग्नाची नोंद पलटणीच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे सैनिकाच्या वैयक्तिक बदलांच्या अधिकृत नोंदीत, झालेली नसेल तर त्याच्या माघारी पत्नीची कुटुंब पेन्शन अडते, आणि पेन्शन अडली की घरातले तिचे स्थानही डळमळते. हयातीचा दाखला वेळेत ऑनलाइन चढला नाही तर पेन्शन थांबते. घराचा प्रश्न असा कागदापासून सुरू होतो. एखाद्या जाणकार माणसाने तीन-चार वेळा सोबत जाऊन ही नावे एकसारखी करून दिली, तर बरीच कुटुंबे उघड्यावर येण्यापासून वाचतील, अशी माझी खात्री आहे.

कायद्याने दिलेली हत्यारेही वापरली जात नाहीत. मुलांनी घराबाहेर काढलेल्या वृद्ध माजी सैनिकाला २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणाकडे जाता येते. सांभाळण्याच्या अटीवर मुलाला लिहून दिलेले घर, सांभाळ न झाल्यास परत मागता येते. विधवेला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे. आपल्याच लेकरांविरुद्ध अर्ज करायला सैनिकाचे मन धजत नाही, हेही तितकेच खरे. तिथे वकिलाआधी गावातल्या चार शहाण्या माणसांनी मध्ये पडले पाहिजे.

हे पुस्तक आत्ताच का, याचे उत्तर सैन्यभरतीच्या अग्निपथ योजनेत आहे. १४ जून २०२२ रोजी ती जाहीर झाली. चार वर्षांची सेवा, त्यानंतर पंचवीस टक्क्यांपर्यंत अग्निवीर, म्हणजे या योजनेतले जवान, कायम, बाकीचे सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवा निधी घेऊन घरी. त्यांना निवृत्तिवेतन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पूर्ण होऊ लागतात. बावीस ते पंचविशीतला मुलगा एकरकमी पैसे घेऊन हिंगोलीतल्या गावी येईल, तेव्हा घरात बहिणीचे लग्न असेल, हळदीच्या शेतावरचे कर्ज असेल, भावाला दुकान टाकायचे असेल. त्या पैशांतून त्याच्या नावे घर उभे राहील की वीस वर्षांपूर्वीच्या जवानाचीच गोष्ट पुन्हा घडेल? सैनिक कल्याण कार्यालयाच्या दारात त्याला आज हक्काने जाता येत नाही. तो दर्जा त्याला द्यावा की नाही यावर मतभेद असू शकतात. पण सल्ला, कागदपत्रांची मदत आणि सोबत एवढे तरी त्या कार्यालयाने त्याला द्यावे, त्यात दुमत होण्याचे कारण मला दिसत नाही.

या पुस्तकात लष्करी इतिहास, कायदा, वैद्यक, ग्रामविकास अशा वेगवेगळ्या अंगांनी लिहिणारी माणसे एकत्र आली आहेत. त्यांचे सगळ्या बाबतींत एकमत नाही आणि ते असावे असा आग्रहही धरलेला नाही. सैनिकांसाठी वेगळ्या वसाहती असाव्यात असे काहींना वाटते, तर काहींच्या मते त्याने गावातच राहावे आणि गावानेच त्याची जबाबदारी घ्यावी. वाद दोन्ही बाजूंनी मांडला आहे. माझा कल दुसऱ्या बाजूकडे आहे, पण पेन्शनपुरा आणि दापोली यांच्याकडे पाहिले की पहिल्या बाजूतही तथ्य दिसते: एकमेकांना ओळखणारी, एकमेकांचे कागद वाचून देणारी माणसे जवळ असणे ही फार मोठी गोष्ट आहे. लेखकांची भाषा शक्य तितकी सोपी ठेवली आहे, कारण हे पुस्तक ग्रामसेवक, तलाठी, सरपंच, बँकेतला कारकून आणि स्वतः माजी सैनिक यांनी हाताळावे अशी इच्छा आहे. शौर्यकथा इथे मुद्दाम घेतलेल्या नाहीत. त्या लिहिणारे पुष्कळ आहेत.

वाचकांना एकच विनंती. तुमच्या गावच्या पुढच्या ग्रामसभेत हा विषय लेखी द्या: आपल्या गावात किती माजी सैनिक, किती सैनिकांच्या विधवा आणि किती अग्निवीर आहेत, आणि त्यांतल्या कोणाच्या नावावर स्वतःचे घर नाही. यादी करा, ती ग्रामपंचायतीच्या इतिवृत्तात लिहून घ्या आणि तिची एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला व एक तहसीलदारांना द्या. कोणाला अर्ज करायचा असेल तर त्याच्यासोबत एक माणूस पाठवा.